सोडियमला काही द्यायचं नसतं

नमस्कार. हा बघा, माझ्या हातात साधा टेस्टर आहे, घरोघरी असतो, लाईट गेली की आपण आधी हाच शोधतो. आता मांडवातल्या या बोर्डाला लावतो... मागे बसलेल्यांना दिसतोय का, नारिंगी ठिपका? त्या एवढ्याशा काचेच्या नळीत निऑन भरलेला असतो, वीज आत गेली की त्याचे इलेक्ट्रॉन उसळतात, खाली येताना उजेड टाकतात, आणि निऑन परत जसाच्या तसा. इथे इंदूरात मुलं शाळेत हिंदीतून शिकतात ती अशा, सहसा कुणाशी संयोग न करणाऱ्या वायूंना उत्कृष्ट गैस म्हणतात, महाराष्ट्रातल्या पुस्तकात राजवायू असतं, आपण आज राजवायूच म्हणूया.

आता मूळ मुद्दा. माझ्या नातीनं परवा विचारलं, आजोबा, सोडियमला राजवायूसारखे बाहेर आठ इलेक्ट्रॉन हवे असतात म्हणे, म्हणून तो एक देऊन टाकतो, पण त्याला हे कळतं कसं? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण सगळेच तसं शिकलो आणि पुढे कधी विचारलंच नाही. अणूला कळत नाही आणि काही हवंही नसतं. आपल्या सराफ्यातल्या पेढीवर जसा जमाखर्च मांडतात ना, तसा ऊर्जेचा मांडून बघा म्हणजे लक्षात येईल.

23 ग्रॅम सोडियमची वाफ घेतली आणि प्रत्येक अणूतून एकेक इलेक्ट्रॉन काढला तर 496 किलोज्यूल खर्च होतात, म्हणजे सोडियम इलेक्ट्रॉन आनंदानं वगैरे देत नाही, ओढून घ्यावा लागतो. तो साडेपस्तीस ग्रॅम क्लोरिनच्या सुट्या अणूंना दिला की 349 परत मिळतात. म्हणजे 147 चा तोटाच झाला की! शिवाय सोडियमची वाफ करायची, क्लोरिनच्या जोड्या फोडायच्या, तो खर्च वेगळाच. मग मीठ होतं कशाला? तर अधिक आणि उणे भाराचे हे कण एकमेकांना खेचत स्फटिकात रचून बसतात तेव्हा 787 किलोज्यूल बाहेर पडतात, आणि सगळी तूट भरून वर 411 उरतात. पोह्यांवर चिमूटभर मीठ टाकता ना, त्यातला प्रत्येक कण या हिशेबानं बनलेला आहे.

मग कुणी म्हणेल, सोडियमनं दोन का नाही दिले? कारण दुसऱ्याला 4562 लागतात, नऊपट! हा खर्च कुठलाही स्फटिक भरून देत नाही.

एवढी उडी का, हे नीट समजून घ्या, सगळं इथेच आहे. एक दिल्यावर सोडियमकडे निऑनसारखीच रचना उरते, म्हणून आधी निऑनकडे बघू. निऑनच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात ते साधारण एकाच अंतरावर, त्यामुळे ते एकमेकांच्या आड फारसे येत नाहीत, आणि केंद्रातल्या दहा प्रोटॉनांची ओढ प्रत्येकाला चांगलीच जाणवते, म्हणून काढायला महाग. नवीन एक घालायचा म्हटला तर त्या कवचात जागाच नाही, बाहेर लांब बसावं लागतं, आणि आतले दहा मिळून केंद्राची ओढ जवळजवळ झाकून टाकतात. म्हणजे द्यायलाही परवडत नाही आणि घ्यायलाही. आठ आकड्यात जादू नाही हो, हेलियमही राजवायूच, पण त्याच्याकडे दोनच असतात आणि त्याचा एक काढायला 2372 लागतात, इतके दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याला लागत नाहीत.

आणि हिशेबच असेल तर तो कधी उलटाही फिरू शकतो, हे ओळखलं नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञानं, कॅनडात व्हँकुव्हरला, 1962 साली. त्याच्याकडे प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड होता, गडद लाल वाफ, इतका ओढाळ की ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा त्यानं इलेक्ट्रॉन खेचून घेतला होता. बार्टलेटनं कोष्टकं चाळली तर झेनॉन या राजवायूमधून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा जवळपास तेवढीच, झेनॉन मोठा अणू ना, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब. मग का होऊ नये? त्यानं दोन्ही वायू एकत्र येऊ दिले, साध्या खोलीच्या तापमानाला, आणि डोळ्यांदेखत पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला, राजवायूचं पहिलं खरं संयुग. कुणाला तरी दाखवावं म्हणून तो बाहेर धावला तर संध्याकाळ झालेली, सगळे जेवायला गेलेले.