पडद्यावरचं मराठी अक्षर किती मोठं हवं?

मंडळी, आज लिनक्स या संगणकप्रणालीवरच्या अक्षरांच्या आकाराबद्दल बोलायचं आहे. सुरुवात मावशीपासून करतो. तिच्या जुन्या लॅपटॉपवर मी उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घालून दिलं, त्यावर ती कथा वाचते. एकदा शेजारी बसलो होतो, तेव्हा ती मोठ्याने वाचत होती, "नदीकाठची घर..." आणि अडली. मागे गेली, चष्मा नीट केला, तेव्हा कुठे 'घरं' झालं. 'र'वरचं टिंब तिला दिसलंच नव्हतं.

आपल्या भाषेत एका टिंबावर एकवचनाचं अनेकवचन होतं. अक्षर बारीक झालं की आधी अनुस्वार जातो, मग 'भ'चा 'म' होतो, 'ष्ट' आणि 'ष्ठ' सारखेच दिसू लागतात. बाजूची इंग्रजी ओळ मात्र त्याच आकारात व्यवस्थित वाचता येते. असं का होतं?

अक्षराचा आकार पॉइंटमध्ये मोजतात. हे माप छापखान्यातल्या धातूच्या खिळ्यांच्या काळातलं. ते खिळ्याच्या अंगाचं माप आहे, त्यावरच्या अक्षराचं नव्हे. देवनागरीत त्या अंगात वर वेलांटी, मात्रा, रफार बसवायचे, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय बसवायचा. उरलेल्या मधल्या जागेत मूळ अक्षर. म्हणून १२ पॉइंटचं मराठी १२ पॉइंटच्या इंग्रजीपेक्षा बहुतेक वेळा लहान वाटतं. फॉन्टागणिक हे कमीजास्त होतं, तेव्हा फॉन्ट निवडताना तीच ओळ दोन-तीन फॉन्टांत एकाखाली एक लावून बघा.

दुसरं कारण पडद्याचं. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. उबंटूत मेनू आणि खिडक्या दाखवणारं ग्नोम गृहीत धरतं की पडद्याच्या एका इंचात ९६ पिक्सेल आहेत. माझा लॅपटॉप १४ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेलचा. त्यावर एका इंचात खरे सुमारे १५७ पिक्सेल बसतात. उबंटूच्या मेनूतला फॉन्ट ११ पॉइंटचा, म्हणजे त्याची उंची ३.८८ मिलिमीटर भरायला हवी. माझ्या पडद्यावर ती २.३७ मिलिमीटर भरते. 'मला दिसत नाही' म्हणणाऱ्याला आपण लगेच डोळे तपासून घ्यायला सांगतो. आधी पडदा मोजायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता उपाय. इथे माझी चूक सांगतो, कारण बरेच जण तीच करतात. मी मावशीच्या लॅपटॉपवर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन स्केल १२५ टक्के केलं. त्याने अक्षरांबरोबर सगळंच वाढतं: आयकॉन, बटणं, मोकळी जागासुद्धा. तिचा पडदा १३६६ बाय ७६८ चा. सव्वापट केल्यावर कामाला उरतो जेमतेम १०९३ बाय ६१४ एवढा. एका खिडकीचं 'सेव्ह' बटण पडद्याच्या खाली गेलं आणि बिचारी दोन दिवस अडून बसली. लहान पडद्यावर अक्षरंच तेवढी वाढवावीत.

ग्नोममध्ये सेटिंग्ज उघडा, अॅक्सेसिबिलिटीत जा, तिथे 'लार्ज टेक्स्ट' चालू करा. अक्षरं सव्वापट होतात. सव्वापट जास्त वाटलं, किंवा पुरलं नाही, तर 'ट्वीक्स' नावाचा प्रोग्राम टाका. फॉन्ट्सच्या भागात 'स्केलिंग फॅक्टर' असतो, तो १.१, १.१५ असा थोडाथोडा वाढवता येतो. मावशीचं १.३५ वर जमलं. ग्नोमऐवजी एक्सएफसीई वापरणाऱ्यांनी अपिअरन्समधल्या फॉन्ट्समध्ये डीपीआय, म्हणजे इंचामागे पिक्सेलचा आकडा, ९६ चा १२० करावा, परिणाम तोच, सव्वापट. ग्नोमला तसाच दुसरा पर्याय केडीई, त्यात सिस्टिम सेटिंग्जमधल्या फॉन्ट्सच्या पानावर मेनू, टूलबार, खिडकीचं शीर्षक यांचे आकार वेगवेगळे ठरवता येतात.

पण यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकाच पटीत वाढतात. फक्त मराठी मोठी करायची तर दोन ठिकाणी सोय आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते याचं मला वाईट वाटतं.

एक फायरफॉक्स हा ब्राउझर. सेटिंग्जमध्ये फॉन्टपाशी 'अॅडव्हान्स्ड' बटण आहे. ते दाबलं की वर लिपी निवडायची यादी येते. तिथे देवनागरी निवडा. तिच्यासाठी वेगळा फॉन्ट, वेगळा आकार आणि 'याहून लहान दाखवू नकोस' अशी किमान मर्यादाही देता येते. अट एकच, त्या पानाने आपली भाषा मराठी किंवा देवनागरीतलीच दुसरी एखादी असल्याचं कळवलेलं असावं. म्हणून तुमच्यापैकी जे वेबसाइट बनवतात त्यांना कळकळीची विनंती, पानाच्या सुरुवातीला भाषेच्या जागी 'mr' ही दोन इंग्रजी अक्षरं जरूर लिहा. त्याचा आणखी एक फायदा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली आहेत. भाषा मराठी आहे असं कळलं तरच ती दिसतात.

दुसरं लिबरऑफिस, कागदपत्रं लिहिण्याचं. त्याच्या हिशेबी देवनागरी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गटात येते, थोडक्यात सीटीएल. पर्यायांमधल्या भाषांच्या पानावर ती खूण आधी चालू करायची. मग त्यातल्या लेखनाच्या भागाच्या, म्हणजे रायटरच्या, 'बेसिक फॉन्ट्स सीटीएल' मध्ये मराठीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा निराळा ठेवता येतो. मी इंग्रजी १२ आणि मराठी १४ ठेवतो. एकाच ओळीत 'उबंटू' देवनागरीत आणि पुढे त्याचं इंग्रजी नाव आलं, तरी दोन्ही एका उंचीची वाटतात. कोणतीही एक बाजू दबलेली दिसत नाही. नव्या कागदपत्रांना हे आपोआप लागू होतं. जुन्या फाइलीत मात्र परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये जाऊन बदलावं लागतं.

ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत त्यांनी आता ते उघडा. मी पट्टी घेऊन एकेकाकडे येतो. आधी तुमच्या पडद्यावरचं अक्षर किती मिलिमीटर भरतं ते मोजू, मग आकडा ठरवू.