घंटा कुणी वाजवली? मॉन्ट्रियल, ९ नोव्हेंबर १९९७

(दृश्य: भरलेलं स्टेडियम. कॅनडाचे झेंडे. गुलाबी-काळ्या पोशाखातला ब्रेट हार्ट रिंगकडे येतोय.)

निवेदन :

कॅनडातलं मॉन्ट्रियल शहर, मोल्सन सेंटर. रविवारची रात्र. वीस हजारांवर माणसं तिकीट काढून आत बसली आहेत. बाहेर घराघरांत लोक या एका कार्यक्रमापुरते वेगळे पैसे भरून टीव्हीसमोर बसले आहेत. या प्रकाराला म्हणतात पे-पर-व्ह्यू. कार्यक्रमाचं नाव सर्व्हायव्हर सिरीज. शेवटची लढत : चॅम्पियन ब्रेट हार्ट विरुद्ध शॉन मायकल्स.

या कुस्तीत कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं. नव्वदच्या दशकात ट्रम्प कार्डांवरची उंची, वजन, छाती लावून खेळणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना घरातली मोठी माणसं हे ऐकवायचीच : 'अरे, ते सगळं खोटं असतं.' बरोबरच होतं त्यांचं. पण खोट्यालाही शिस्त लागते. हरणाऱ्याला आपण हरणार हे माहीत असतं, जिंकणाऱ्याला माहीत असतं, रेफरीला माहीत असतं. या भरवशावरच एक माणूस आपली मान आणि पाठ दुसऱ्याच्या हातात देतो आणि तो दुसरा त्याला डोक्यावर उचलून आपटतो.

त्या रात्री रिंगमध्ये तीन माणसं होती. खरा शेवट त्यांतल्या दोघांनाच माहीत होता. तिसरा होता चॅम्पियन.

(दृश्य: कॅल्गरी शहर. जुनी छायाचित्रं.)

ब्रेट हार्ट कॅनडातल्याच कॅल्गरीचा. वडील स्टू हार्ट स्वतः पैलवान आणि वस्ताद. घराच्या तळघरात त्यांची तालीम होती. तिला सगळे 'डंजन' म्हणायचे, अंधारकोठडी. बारा भावंडांतला ब्रेट आठवा. १९८४ मध्ये तो व्हिन्स मॅकमहॉन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीत आला आणि तिथेच मोठा झाला. रिंगमध्ये येताना डोळ्यांवरचा गॉगल काढून पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराला घालायचा. आपल्या हातून जोडीदाराला कधी गंभीर इजा झाली नाही, याचा त्याला किताबांपेक्षा जास्त अभिमान होता. स्वतःला तो फार गंभीरपणे घ्यायचा, हेही खरं. बाकीच्यांसाठी तो तमाशा होता, ब्रेटसाठी ते घराणं होतं.

शॉन मायकल्स टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा. आठ वर्षांनी लहान, अंगानं हलका, आणि रिंगमध्ये असा काही खेळायचा की त्याच्या दुश्मनानंही मान डोलवावी. रिंगबाहेर मात्र त्या काळात त्याच्याशी कुणाचं पटणं कठीण होतं. हे आपण नाही म्हणत, पुढे शॉननं स्वतःच तशी कबुली दिली आहे.

दोघांचं बिनसलं कुठे? मार्च १९९६ चं रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, धरून चला. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये दोघं पूर्ण साठ मिनिटं लढले. तासाभरात एकदाही कुणाची पाठ लागली नाही. मग वेळ वाढवून दिली आणि शॉनच्या सुपरकिकवर ब्रेट पडला. हे ठरल्याप्रमाणेच होतं. न ठरलेलं ते पुढे. ब्रेटच्या सांगण्याप्रमाणे, शॉन रेफरीला म्हणाला की ह्याला माझ्या रिंगमधून बाहेर काढ. रेफरीचं नाव अर्ल हेबनर. हे नाव लक्षात ठेवा.

या धंद्यात हरण्याची परतफेड असते. मी तुला वर काढलं, आता तू मला काढ. ती परतफेड १९९७ च्या रेसलमेनियात होणार, अशी ब्रेटची समजूत होती. पण फेब्रुवारीत शॉननं गुडघ्याचं दुखणं सांगून किताब सोडला. 'माझं हसू हरवलंय' असं तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला. ब्रेटनं त्यावर कधी विश्वास ठेवला नाही. मग थेट कार्यक्रमात शॉननं ब्रेटच्या खासगी आयुष्यावर टोमणा मारला. जूनमध्ये हार्टफर्डला ड्रेसिंग रूममध्ये दोघं खरोखर एकमेकांच्या अंगावर गेले आणि शॉनच्या केसांचा पुंजका उपटला गेला. टीव्हीवरचं वैर आणि खरं वैर यांच्यातली भिंत केव्हाच पडली होती. व्हिन्सना ते दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच ते विकलं जात होतं.

(दृश्य: दोन टीव्ही संच शेजारी शेजारी. एकावर रॉ, दुसऱ्यावर नायट्रो.)

आता पैशाची बाजू. समोर डब्ल्यूसीडब्ल्यू ही टेड टर्नर यांची कुस्ती कंपनी. दर सोमवारी रात्री दोघांचे कार्यक्रम आमनेसामने, व्हिन्सचा रॉ आणि टर्नरचा नायट्रो, आणि १९९६ च्या उन्हाळ्यापासून डब्ल्यूसीडब्ल्यूच पुढे. त्यांनी ब्रेटपुढे मोठी रक्कम ठेवली होती. ब्रेट गेला नाही. उलट व्हिन्सनी दिलेल्या वीस वर्षांच्या करारावर त्यानं सही केली.

वर्षही झालं नाही आणि व्हिन्सनीच त्याला सांगितलं की कंपनी अडचणीत आहे, करार झेपणार नाही, तू समोरच्यांशी बोल. माझ्या मते या गोष्टीतला पहिला शब्द इथे मोडला. मॉन्ट्रियल नंतर आलं.

ब्रेटनं नाइलाजानं डब्ल्यूसीडब्ल्यूशी करार केला. जायचं डिसेंबरमध्ये. पण चॅम्पियनचा पट्टा अजून त्याच्याच कमरेला. आणि करारात एक कलम असं की शेवटच्या तीस दिवसांत आपल्या पात्राचं काय करायचं, यात ब्रेटचा शब्द चालेल.

व्हिन्सना काय हवं होतं? ब्रेटनं मॉन्ट्रियलमध्ये शॉनकडून हरावं. ब्रेट म्हणाला, दुसरीकडे कुठेही हरतो, कॅनडात नाही, आणि या माणसाकडून तर नाहीच. त्याचं म्हणणं असं की, हवं तर तुझ्यासाठी हरेन असं त्यानं शॉनला सांगितलं होतं, आणि शॉनचं उत्तर होतं : मी मात्र तुझ्यासाठी हरणार नाही.

टीव्हीवर कित्येक महिने ब्रेट हा कॅनडाचा नायक होता. अमेरिकेत त्याला शिव्या, कॅनडात डोक्यावर घेऊन नाच. कोल्हापूरच्या पैलवानाला भर खासबागेत, त्याच्या लाल मातीला शिव्या देणाऱ्याकडून पाठ लावून घे म्हणावं, तसं हे होतं. टीकाकार म्हणतात, कॅल्गरी कुठे आणि मॉन्ट्रियल कुठे, मध्ये हजारो किलोमीटर! ठीक आहे. पण झेंडा एकच होता, आणि ती गोष्ट व्हिन्सनीच रचलेली होती.

व्हिन्सची भीतीही पोकळ नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांची महिला चॅम्पियन मडुसा पट्ट्यासकट डब्ल्यूसीडब्ल्यूत गेली होती आणि नायट्रोच्या थेट प्रक्षेपणात तिनं तो पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. आता तर पुरुषांचा मुख्य किताब. ब्रेट असं करणारा माणूस नव्हता, असं त्याला ओळखणारे सांगतात. पण कंपनी चालवणारा माणूस स्वभावावर किती विसंबणार?

शेवटी तोडगा निघाला. त्या दिवशी दुपारी व्हिन्स आणि ब्रेट बंद खोलीत बोलले. ठरलं असं की लढतीच्या शेवटी दोन्हीकडचे साथीदार रिंगमध्ये घुसतील, गोंधळ होईल आणि कुस्ती निकालाविना सुटेल. दुसऱ्या दिवशी ओटावाच्या कार्यक्रमात ब्रेट आपणहून पट्टा परत देईल. हे बोलणं आज ऐकायला मिळतं, कारण दिग्दर्शक पॉल जे यांचं पथक तेव्हा ब्रेटवर माहितीपट करत होतं आणि खोलीत जाताना ब्रेटच्या अंगावर माइक होता. व्हिन्सना त्याचा पत्ता नव्हता.

ब्रेटला आणखी एका गोष्टीचा पत्ता नव्हता. दुसरा शेवट आधीच ठरला होता.

(दृश्य: मोल्सन सेंटरचा बोळ. बंद दारं.)

ब्रेटला सावध करणारे होते. जपानमध्ये खेळून आलेल्या पैलवान व्हेडरनं बजावलं होतं : पाठीवर पडून राहू नकोस, कुणाच्या पकडीत अडकू नकोस. ब्रेटनं अर्ल हेबनरला विचारलंही. हेबनरनं आपल्या मुलांची शपथ घेऊन सांगितलं की मी तुला दगा देणार नाही. त्यानं शपथ घेतली तेव्हा ती खरीच असावी. त्याला खरा बेत रिंगमध्ये जायच्या जेमतेम आधी सांगण्यात आला. तिकडे व्हिन्सचे विश्वासू जेराल्ड ब्रिस्को यांनी शॉनला बचावाचे दोन-चार डाव शिकवून ठेवले होते. ब्रेट बिथरलाच तर असावेत म्हणून.

(दृश्य: लढत. मूळ आवाज.)

लढत सुरू होण्याआधीच मारामारी सुरू झाली. प्रेक्षकांत, रॅम्पवर, रिंगबाहेर. शॉननं कॅनडाच्या झेंड्याची विटंबना केली आणि स्टेडियम पेटलं. आता नजर रिंगच्या कडेला ठेवा. व्हिन्स मॅकमहॉन स्वतः तिथे उभे आहेत. कॉमेंट्रीच्या खुर्चीत नाहीत, पडद्यामागेही नाहीत, वेळ पाहणाऱ्याच्या टेबलाजवळ. बघणाऱ्यांना वाटलं, दोघांतलं वैर टोकाला गेलंय म्हणून मालक जवळ आलेत. तसं दिसावं अशीच सोय होती.

काही मिनिटांनी शॉन ब्रेटला शार्पशूटरमध्ये घेतो. शार्पशूटर हा ब्रेटचाच डाव : समोरच्याचे पाय एकमेकांत अडकवायचे, त्याला पालथा करायचा आणि कमरेवर बसून मागे रेलायचं. ठरलेलं असं की ब्रेट शॉनचा पाय धरून हा डाव उलटवणार. बघा, ब्रेटचा हात शॉनच्या पायाकडे जातोय. तो पाय ओढतो. त्यानं हार मानल्याची कसलीही खूण नाही.

आणि हेबनर घंटेची खूण करतो. व्हिन्स वेळ पाहणाऱ्यावर ओरडतात : वाजव घंटा!

घंटा वाजते, म्हणजे लढत संपली. जिंकणाऱ्याचं म्हणून शॉनचं गाणं सुरू होतं.

ब्रेट उठतो. पहिले दोन-तीन सेकंद चेहऱ्यावर राग नाही, नुसता हिशेब आहे. मग तो रिंगच्या कडेला येतो, खाली उभ्या व्हिन्सकडे बघतो आणि थेट त्यांच्या तोंडावर थुंकतो. हेबनर तोवर रिंगमधून पसार. बाहेर गाडी चालू ठेवलेली, तो तडक हॉटेलवर. शॉन रागावल्याचा आव आणतो आणि पट्टा घेऊन आत जातो. व्हिन्सकडून हुकूम सुटतो, प्रक्षेपण आवरतं घेतलं जातं.

आत बसलेल्या लोकांना मात्र पुढचंही बघायला मिळालं. ब्रेटनं कडेचे मॉनिटर फोडले. मग रिंगमध्ये उभं राहून, प्रत्येक बाजूच्या प्रेक्षकांना दिसेल असं, बोटानं हवेत तीन अक्षरं काढली : डब्ल्यू, सी, डब्ल्यू.

(दृश्य: ड्रेसिंग रूमचं बंद दार.)

आत बाकीचे पैलवान खवळले होते. आज ब्रेट, उद्या आपण. अंडरटेकरनं जाऊन व्हिन्सना सुनावलं की ब्रेटशी समोरासमोर बोला. शॉन ब्रेटपुढे शपथेवर म्हणाला, मला काहीच माहीत नव्हतं. ते धडधडीत खोटं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं तो तेच सांगत राहिला. व्हिन्स खोलीत आले. आंघोळ करून आलेल्या ब्रेटनं आधी बजावलं, निघून जा. ते गेले नाहीत. मग एकच ठोसा. ब्रेटचा हात मोडला, व्हिन्सचा डोळा काळानिळा झाला. बोळात लंगडत, तोल सावरत बाहेर पडणारे व्हिन्स पॉल जे यांच्या कॅमेऱ्यानं टिपले.

मिक फोली हा पैलवान दुसऱ्या दिवशी निषेध म्हणून कामावर आला नाही. पण करार त्यालाही होता, तो परतला. ब्रेटचा मेहुणा डेव्ही बॉय स्मिथ पैसे भरून करारातून सुटला. धाकटा भाऊ ओवेन हार्टला सोडलं नाही. दीड वर्षानं, २३ मे १९९९ ला, कॅन्सस सिटीतल्या दुसऱ्या एका पे-पर-व्ह्यूत छतावरून दोरानं खाली येण्याच्या करामतीत ओवेन पडला आणि गेला. कार्यक्रम पुढे चालू राहिला. या दोन घटनांचा थेट संबंध नाही. पण हार्ट कुटुंबात तो जोडला जाणारच.

आणि व्हिन्स? हा माणूस धंद्यात इतका पुढे का गेला ते इथे कळतं. काळ्या डोळ्यानिशी ते मुलाखतीला बसले आणि म्हणाले, ब्रेटला ब्रेटनंच फसवलं. लोक चिडले. व्हिन्सनी ओळखलं की हा राग पुरून उरेल. तोवर बरेच प्रेक्षक त्यांना नुसते निवेदक समजत होते. आता पडद्यावर अवतरले मिस्टर मॅकमहॉन, दुष्ट मालक. त्यांच्यासमोर स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन, मालकाला धोपटणारा नोकर. एप्रिल १९९८ मध्ये रॉनं नायट्रोला मागे टाकलं. मार्च २००१ मध्ये व्हिन्सनी डब्ल्यूसीडब्ल्यूच विकत घेतली.

मॉन्ट्रियलचा तो शेवटही त्यांनी वाया जाऊ दिला नाही. बरोबर एका वर्षानं, १९९८ च्या सर्व्हायव्हर सिरीजमध्ये, द रॉकनं फोलीला शार्पशूटरमध्ये घेतलं, फोलीनं हार मानली नाही, आणि व्हिन्सनी घंटा वाजवायला लावली. या वेळी सगळ्यांना सगळं माहीत होतं.

ब्रेटचं डब्ल्यूसीडब्ल्यूत नीट बस्तान बसलंच नाही. डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्ग या पैलवानाची लाथ डोक्याला लागली आणि कारकीर्द संपत आली. २००२ मध्ये पक्षाघात झाला.

तो सगळाच बनाव होता, ब्रेटही त्यात सामील होता, असं मानणारे आजही आहेत. मला ते पटत नाही. मोडलेला हात आणि शॉनशी बारा वर्षांचा अबोला इतका महागडा बनाव कुणी करत नाही.

(दृश्य: ४ जानेवारी २०१०, ओहायोतलं डेटन. रिंगमध्ये ब्रेट आणि शॉन.)

२०१० च्या पहिल्या सोमवारी ब्रेट रॉवर परत आला आणि त्यानं शॉनला रिंगमध्ये बोलावलं. दोघं बोलले, हात मिळवले. आता सुपरकिक येणार म्हणून लोक श्वास रोखून बसले होते. शॉननं मिठी मारली. ती खरी होती, असं दोघंही नंतर सांगत आले आहेत.

त्याच कार्यक्रमाच्या शेवटी व्हिन्सही आले. हात मिळवला, ब्रेटचा हात उंचावला, आणि मग त्याच्या पोटाखाली लाथ घातली. मार्चमध्ये रेसलमेनिया होतं. ब्रेट विरुद्ध व्हिन्स ही लढत विकायची होती. ती विकली गेली, आणि ठरल्याप्रमाणे व्हिन्स शार्पशूटरमध्ये हरले.