आधी थंड करा, मग हलवा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे फुटबॉल. आपण खेळतो तो नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड आणि एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी पोरं, तो फुटबॉल. टेक्सासमध्ये तर अख्खं गाव मैदानावर लोटतं. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की होतं ना, तसंच. सगळ्यांच्या नजरा चेंडूवर असतात. पण मैदानाच्या कडेला एक माणूस चेंडू बघत नसतो, तो पोरं बघत असतो. कोण उठायला वेळ लावतंय, कोण पाय जपून टाकतंय, कोण चुकून समोरच्या संघाच्या घोळक्याकडे चालू लागलंय. हा माणूस म्हणजे ॲथलेटिक ट्रेनर. पुरुष असेल, बाई असेल. आज मला त्यांच्याबद्दल बोलायचंय.

जिममध्ये वजनं उचलायला शिकवणारे ट्रेनर वेगळे. हे आरोग्यसेवेतले लोक. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९९० साली त्यांच्या कामाला आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्यता दिली. त्यांची राष्ट्रीय संघटना त्याच्याही चाळीस वर्षं आधीची, १९५० सालची. आणि टेक्सासनं तर १९७१ मध्येच कायदा करून परवाना लागू केला, देशात सगळ्यांत आधी. आता या पेशात नव्यानं येणाऱ्याला मास्टर्स पदवी लागते, वर प्रमाणपत्राची परीक्षा. घोटा मुरगळला, खांदा निखळला, डोक्याला मार लागला, छातीचे ठोके थांबले, तर पहिला हात त्यांचा. पहिला हात त्यांचा, हे लक्षात ठेवा. डॉक्टर नंतर येतात.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. हा प्रसंग मी बघितलेला आहे, आणि जिथे संधी मिळेल तिथे मी तो सांगते.

माझी थोरली बहीण टेक्सासात राहते. तिची मुलगी, माझी भाची, तिथल्या एका हायस्कूलमध्ये विद्यार्थी-ट्रेनर होती. पाण्याच्या बाटल्या भरायच्या, बर्फ वाहायचा, घोट्याला पट्टी बांधताना टेपचा रोल हातात द्यायचा, असं काम. ऑगस्ट महिना. शाळा अजून नीट सुरूही झाली नव्हती, पण फुटबॉलचा सराव सुरू झालेला. दाजी आणि मी तिला आणायला गेलो होतो. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता.

मैदानाच्या कोपऱ्यात, छताच्या सावलीत, एक मोठी टाकी ठेवलेली. गुरांना पाणी पाजायला शेतावर असते ना, तशीच. पाण्यानं अर्धी भरलेली, शेजारी बर्फाच्या पेट्या. मी दाजींना म्हटलं, "हे कशाला?" ते म्हणाले, "रोज भरून ठेवतात, वापरताना कधी बघितली नाही."

त्या दिवशी बघितली. चांगला दांडगा पोरगा होता. धावता धावता त्याची चाल वाकडी झाली. मास्तरांनी हाक मारली तर त्यानं उलट काहीतरी बरळून हात झिडकारला. मला वाटलं, उर्मट आहे. पण ट्रेनरबाई तोवर पळायला लागल्या होत्या. पोरगा गुडघ्यावर बसला आणि तसाच आडवा झाला. अंगाला घाम होता बरं का, भरपूर घाम. उष्माघातात अंग कोरडं पडतं असं आपण ऐकतो. कसून खेळणाऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा घाम असू शकतो. घाम आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

प्रशिक्षक म्हणाले, सावलीत झोपवा, पाणी पाजा. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चौघांना हाका मारल्या, पोराला उचलून टाकीपाशी आणलं, हेल्मेट-पॅड काढले. चादरीचा आडोसा धरायला लावला आणि गुदद्वारातून ताप मोजला. रेडिओवर हे बोलताना मी संकोच करणार नाही, कारण अशा वेळी कपाळाचा, काखेतला, तोंडातला ताप खरा कळत नाही. आकडा आला १०७. आपल्या घरात १०२ म्हटलं की आपण डॉक्टरांना फोन लावतो. हा १०७.

पोराला मानेपर्यंत पाण्यात बसवलं. काखेतून चादर घालून दोघांनी वर धरून ठेवला, डोकं बुडू नये म्हणून. बर्फाच्या पेट्या टाकीत रिकाम्या केल्या. माझ्या भाचीला बाईंनी एकच काम दिलं, पाणी ढवळत राहायचं. का, तर अंगाला लागून असलेलं पाणी लगेच कोमट होतं आणि गार पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले, पण तिनं हात बाहेर काढले नाहीत. तापमापकाची वायर पाण्याबाहेर, दुसरा एक मुलगा आकडे मोठ्यानं वाचतोय. १०६. १०५. पोरगा शिव्या देतोय, हात आपटतोय.

तेवढ्यात अँब्युलन्स आली. आणि मागोमाग त्याचे वडील, बहुधा कुणीतरी फोन केला असणार. वडील ओरडायला लागले, त्याला बाहेर काढा, हॉस्पिटलात न्या. कुणाही बापानं हेच केलं असतं. अँब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन उभे. आणि या बाई, पाण्यात निम्म्या भिजलेल्या, म्हणाल्या, "अजून नाही."

वडील पुन्हा ओरडले. बाई पुन्हा म्हणाल्या, "अजून नाही. १०२ झाला की तुमचा." भिंतीला अडकवलेली एक फाईल होती, ती त्यांनी अँब्युलन्सवाल्यांना दाखवली. संघाचे डॉक्टर आणि अँब्युलन्स सेवा यांच्याशी सीझनच्या आधीच ठरवून ठेवलेला कागद. अँब्युलन्सवाल्यानं वाचला, मान हलवली आणि तोही पाणी ढवळायला बसला.

१०३ ला तो पोरगा शिव्या द्यायचा थांबला. नंतर म्हणाला, "मला खूप थंडी वाजतेय." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी बघितलं. १०२ ला बाहेर काढला, ब्लँकेटमध्ये गुंडाळला, मग हॉस्पिटल. काही आठवड्यांनी, रक्ताच्या तपासण्या नीट आल्यावर, तो हळूहळू सरावाला लागला.

आधी थंड करा, मग हलवा. तिथे या पेशातल्या प्रत्येकाला हे पाठ असतं. शरीर अर्ध्या तासाच्या आत थंड झालं तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी. त्या वेळेत तो अँब्युलन्समध्ये तापलेलाच पडून राहिला तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं, सगळं धोक्यात. पुन्हा सांगते, आधी थंड करा, मग हलवा.

इथे मला एक बोललंच पाहिजे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्यात तरणीताठी पोरं दगावली. आणि आपल्या शाळांच्या क्रीडादिनाला पाहुणे यायला उशीर झाला म्हणून पोरं उन्हात रांगेत उभी असतात, एखादं चक्कर येऊन पडतं, आणि भाषण चालूच राहतं. माझं स्पष्ट मत आहे, उन्हाळ्यात मैदानावर भाषणं बंद करावीत. माणसानं दोन शब्द बोलायचे तर सावलीत बोलावेत.

असो. पुन्हा ट्रेनरकडे येते. डोक्याला मार हा दुसरा मोठा विषय. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट नावाचा तेरा वर्षांचा मुलगा सामन्यात डोक्यावर आपटला, आणि त्याच सामन्यात पुन्हा खेळायला उतरला. नंतर कोसळला. जीव वाचला, पण बोलणं-चालणं पुन्हा शिकावं लागलं. २००९ मध्ये त्याच्या नावानं कायदा झाला, की डोक्याला मार लागल्याची शंका आली की मूल त्या दिवशी बाहेर, आणि जाणकाराच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. पुढच्या पाचेक वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. पण कायदा मैदानावर उभा राहत नाही. सामना बरोबरीत असताना "हा आज खेळणार नाही" असं म्हणायला तिथे कुणीतरी लागतं. कोण म्हणणार, ज्यांना सामना जिंकायचाय ते प्रशिक्षक?

आणि अशी माणसं पुरेशी नाहीत. तिथे सुमारे ८० लाख मुलं-मुली हायस्कूलचे खेळ खेळतात. खेळाचे संघ असलेल्या जवळपास एक तृतीयांश शाळांत ॲथलेटिक ट्रेनर अजिबात नाही. आहेत तिथेही कित्येक अर्धवेळ. लहान गावांत, गरीब वस्त्यांत जास्त अडचण. बरं, जे आहेत त्यांचा दिवस दुपारी सुरू होतो तो रात्री दहापर्यंत. शनिवारी सकाळी पुन्हा, आदल्या रात्रीची दुखणी बघायला. पगार साधारण वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास. मास्टर्सची फी फेडायची तर तो फार नाही. मग काही वर्षांत कित्येकजण क्लिनिकची, ठरावीक वेळेची नोकरी धरतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळा नवा स्कोअरबोर्ड विकत घेते आणि ट्रेनरला पैसे नाहीत म्हणते, तिथे दोष आहे.

तुमच्यापैकी अनेकांची नातवंडं, भाचे-पुतणे तिकडे आहेत. फुटबॉल नसेल तर सॉकर खेळत असतील, क्रॉस-कंट्री पळत असतील. रविवारी व्हिडिओ कॉलवर "जेवलास का?" विचारून झालं की आणखी दोन गोष्टी विचारा. तुमच्या शाळेत ॲथलेटिक ट्रेनर आहे का, आणि त्याचं नाव काय? सरावाच्या मैदानावर बर्फाच्या पाण्याची टाकी भरून ठेवतात का? मुलाला सांगता आलं नाही, तर त्याच्या आईवडिलांना सोमवारी शाळेत फोन करायला लावा. सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो, म्हणून फोन जुलैतच करा.

नमस्कार.