शेरा : बेवारस

(ग्रंथपाल दिनाच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘पॅलेस्टाइन आणि ग्रंथपालांची एकजूट’. एकजुटीकडे येतेच, पण वाट दाखल रजिस्टरवरून जाते. समोर निम्मी मंडळी आपल्याच क्षेत्रातली आहेत, तेव्हा रजिस्टर म्हणजे काय ते सांगत बसत नाही. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, किंमत, कोणाकडून मिळालं, आणि शेवटी शेरा. यातला ‘कोणाकडून’ हा रकाना आपण सगळ्यात घाईने भरतो. माझं आजचं बोलणं त्या एका रकान्याबद्दल आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका तालुक्याच्या गावी होते. एका वारलेल्या मास्तरांच्या घरून दोन पोती आणि एक ट्रंक भरून पुस्तकं आली. मार्चअखेर, तपासणी तोंडावर. आम्ही दोघींनी तीन दिवसांत सगळी चढवली. ‘कोणाकडून’मध्ये पहिल्या ओळीला ‘देणगी’ लिहिलं आणि खाली पानभर नुसती टिंबं. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मास्तरांची जांभळ्या शाईतली सही होती. मी तारखेची चिठ्ठी नेमकी तिच्यावरच डकवत गेले, कारण तिथे जागा मोकळी होती.

नऊ वर्षांनी त्यांची मुलगी आली. म्हणाली, ‘बाई, बाबांचा संस्कृतचा कोश एकदा बघायला मिळेल का? कडेला त्यांचं अक्षर आहे.’ आमच्याकडे त्या कोशाच्या सहा प्रती, आणि रजिस्टर काहीच सांगेना. शेवटी मी आणि ती फरशीवर बसलो, ओल्या फडक्याने एकेक चिठ्ठी सोडवत. पाचव्या प्रतीत सही निघाली. ती काही बोलली नाही, नुसतं त्या अक्षरावरून बोट फिरवत राहिली. ती दुपार माझ्या डोक्यातून कधी गेली नाही.

आता जेरुसलेमला चला. खलील सकाकिनी हे तिथले नावाजलेले शिक्षणतज्ज्ञ, कतामोन भागात त्यांचं घर. एप्रिल १९४८च्या अखेरीस ज्यू-अरब लढाई दाराशी आली आणि कुटुंब हाताशी लागेल ते घेऊन निघालं. पुस्तकं घरातच राहिली. सकाकिनींनी रोजनिशीत पुस्तकांचा निरोप घेतलाय, माणसांचा घ्यावा तसा. ते पुस्तकांनाच विचारतात: तुमचं काय झालं? लुटलं का, जाळलं का? की वाण्याच्या दुकानात तुमच्या पानांत कांदे बांधले जातायत? १९५३ साली ते कैरोत वारले. परत जाणं झालं नाही.

पुस्तकं मात्र होती, तीही त्याच शहरात. १९४८-४९मध्ये पश्चिम जेरुसलेममधल्या पॅलेस्टिनी घरांतून सुमारे ३०,००० पुस्तकं गोळा झाली. पुढे इस्रायली सैन्य आणि मागोमाग तिथल्या एका ग्रंथालयाचे कर्मचारी. तेच ग्रंथालय म्हणजे आजचं इस्रायलचं राष्ट्रीय ग्रंथालय. त्यातल्या सुमारे ६,००० पुस्तकांच्या क्रमांकाआधी ‘एपी’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे ‘अबॅन्डन्ड प्रॉपर्टी’. आपल्या भाषेत, बेवारस. १९६७च्या उन्हाळ्यात सकाकिनींच्या दोन मुली त्या ग्रंथालयात गेल्या, तेव्हा वडिलांच्या हातच्या नोंदी असलेली पुस्तकं त्यांना तिथे सापडली. वारस समोर उभे, आणि शेरा बेवारस! हा शेरा सैनिकाने नाही लिहिला हो. आपल्यासारख्याच कोणीतरी, टाक नीट पुसून, सुवाच्य अक्षरात लिहिला.

कोणी म्हणेल, पुस्तकं वाचली तरी ना? वाचली, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण ज्याची वाचवली त्याचं नाव लिहायला किती शाई लागते?

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १८१८नंतर पेशवे दप्तर इंग्रजांच्या कुलपात गेलं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना ते खुलं नव्हतं, म्हणून तो माणूस गावोगाव हिंडला, माळे धुंडाळले, वाण्याकडच्या रद्दीतून कागद सोडवले. आज वेस्ट बँकमधल्या बीरझेत गावच्या पॅलेस्टिनी म्युझियमची माणसं तेच करतायत. घरोघरी जायचं, आजीच्या पेटीतले फोटो, पत्रं, जमिनीचे कागद स्कॅन करायचे आणि मूळ कागद घरच्यांना परत द्यायचे. परत द्यायचे, हे महत्त्वाचं. ५ जानेवारी २००४च्या हल्ल्यानंतर पुण्याच्या भांडारकर संस्थेत विखुरलेली पानं उचलायला गेलेले कोणी इथे असतील, तर त्यांना या कामाची किंमत मी काय सांगणार?

पाच मिनिटं राहिली, अशी चिठ्ठी आलीय. मुख्य विषय आता पळतच सांगते.

२०१३च्या जूनमध्ये काही देशांतले ग्रंथपाल आणि अभिलेखपाल स्वतः पॅलेस्टाइनला गेले, तिथल्या ग्रंथालयांत काम करणाऱ्यांना भेटले आणि परत येऊन ‘लायब्रेरियन्स अँड आर्काइव्हिस्ट्स विथ पॅलेस्टाइन’ ही संघटना चालवू लागले. तिकडचं साहित्य ठिकठिकाणी एकत्र वाचायची मोहीम त्यांनी काढली. २०२४च्या सुरुवातीला त्यांनी गाझातल्या ग्रंथालयांच्या, दप्तरांच्या, संग्रहालयांच्या नुकसानीचा अहवाल काढला. संस्थावार, नावानिशी. मारल्या गेलेल्या माणसांची नावंही त्यात आहेत. म्हणजे रकाना नीट भरला. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने तर २००२ सालीच पॅलेस्टिनी ग्रंथालयांच्या नासधुशीवर ठराव केला होता.

गाझा शहराचं मध्यवर्ती दप्तर नोव्हेंबर २०२३मध्ये जळालं. नगरपालिकेच्या म्हणण्याप्रमाणे दीडशे वर्षांचे कागद, इमारतींचे नकाशेसुद्धा. ज्याने एकदा तलाठ्याकडे फेरफारासाठी खेपा घातल्यात त्याला कळेल, उद्या घर पुन्हा बांधायला निघालेल्या माणसाच्या हातातून काय गेलं ते. डिसेंबरात त्याच शहरातली जुनी ओमरी मशीद हल्ल्यात पडली. तिच्या ग्रंथालयातल्या २११ हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती मात्र ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने आधीच झाल्या होत्या. गाझातल्याच लोकांनी एकेक पान उलटून त्या केल्या.

आपण काय करायचं? मला तीन गोष्टी सांगायच्या होत्या, एकच सांगते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका पॅलेस्टिनी लेखकाचं वाचन ठेवू. मराठीत मिळालं तर मराठीत, नाहीतर हिंदी-इंग्रजीतून. पोस्टरवर लेखकाचं नाव, गाव आणि आज ते गाव कुठल्या नावाने ओळखलं जातं, तिन्ही लिहायचं. मागच्या टेबलावर वही आहे, त्यात नाव नोंदवा.

आणि कार्यक्रम संपल्यावर खालच्या वाचनकक्षातल्या संगणकावर त्या २११मधलं एक हस्तलिखित मी उघडून ठेवणार आहे. कडेला कोणीतरी बारीक अक्षरात काही लिहिलंय. थांबता येईल त्यांनी थांबा.