दुधाच्या हिशेबाशेजारची नदी

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका सभागृहात, परदेशी विद्यापीठांत अर्ज करू इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे हे संपादित रूप.)

नमस्कार. मागे काही आई-बाबा उभे आहेत. पुढे सतरंजीवर जागा आहे, या, बसून घ्या.

1913 साली याच बडोद्याच्या खजिन्यातून महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. भीमराव आंबेडकर. चरित्रांत त्या वेळचा प्रसंग येतो. सयाजीरावांनी विचारलं, काय शिकायचंय? उत्तर आलं, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, त्यातही सार्वजनिक वित्तव्यवस्था. महाराजांनी पुढे विचारलं, शिकून करणार काय? तरुणाने सांगितलं, माझ्या समाजाची हलाखी दूर करायचे मार्ग या अभ्यासातून मला सापडतील. आज कुठल्याही नामांकित परदेशी विद्यापीठाचा लांबलचक ऑनलाइन अर्ज उघडा. रकाने कितीही असोत, विचारलेलं हेच असतं.

तुमच्यातले बरेच जण मार्कांचं विचारायला आलेत, मला कल्पना आहे. मार्क लागतात. एसएटी ही अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची प्रवेशपरीक्षा 1600 पैकी असते, एमआयटीने ती 2022 साली पुन्हा सक्तीची केली, मग हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन वगैरे त्याच वाटेने गेले. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा डुओलिंगो. अभ्यास करून द्या, चांगली द्या, आणि तो विषय तिथे सोडा. एमआयटीत परदेशी मुलांपैकी प्रवेश मिळतो शंभरात दोघांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांत बहुतेकांचे मार्क उत्तमच असतात. मार्कांनी दारापर्यंत जाता येतं. दार उघडणारा माणूस त्यापुढे जे वाचतो त्याबद्दल मला बोलायचं आहे.

माझ्या हाताखालून गेलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, तिच्या घरच्यांची परवानगी आहे. घर विश्वामित्रीच्या जवळ. वडील छोटं दुकान चालवतात, आई शिवणकाम करते. ती माझ्याकडे निबंध घेऊन आली तेव्हा बारावीत होती. कॉमन अ‍ॅप, म्हणजे अमेरिकेतल्या पुष्कळ कॉलेजांचा सामाईक अर्ज, त्यातला मुख्य निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा असतो, हा बरोबर 648 शब्दांचा होता. एका सल्लागाराने पैसे घेऊन लिहून दिलेला. त्यात ती रोबोटिक्स क्लबची नेता होती, तिने गरीब मुलांसाठी संस्था काढली होती, आणि एका पराभवातून ती आयुष्याचा धडा शिकली होती. मी विचारलं, संस्था कुठे आहे गं? ती म्हणाली, ‘‘मॅम, दोन रविवार आम्ही वह्या वाटल्या होत्या.’’ मान खाली घालून.

मला तिचा राग आला नाही. राग आला तो या व्यवहाराचा. सतरा वर्षांच्या मुलीला सांगितलं जातं की तुझं खरं आयुष्य दाखवण्याजोगं नाही, तेव्हा आम्ही तुला दुसरं करून देतो, आणि त्याचे तिच्या बापाकडून पैसे घेतले जातात. वर धोका सगळा तिच्याच माथी. अर्जाच्या शेवटी हे सगळं माझं आणि खरं आहे असं लिहून सही करावी लागते. खोटं उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही काढून घेतात.

मी तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर कालनिर्णय टांगलेलं. आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसंच, चौकटीत दुधाचा हिशेब, दीड लिटर, एक लिटर, नाही. पण पावसाळ्याच्या महिन्यांत दुधाच्या आकड्याशेजारी निळ्या पेनाने दुसरा आकडा होता. 11. 12 आणि अर्धा. 17. मी विचारलं, हे काय? आई म्हणाली, ‘‘ते तिचं, नदीचं. सातवीपासून लिहिते. जुनी कॅलेंडरं टाकू देत नाही.’’

काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्रीची पातळी फुटांत मोजतात हे तुम्हाला माहीतच आहे. धोक्याची पातळी 26 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेलं आणि पुढचे दिवस आपण सगळ्यांनी पाहिले. मगरी रस्त्यावर आल्या होत्या. तर ही मुलगी सहा पावसाळे रोजचा आकडा लिहीत होती. का? सातवीत असताना तिच्या लक्षात आलं होतं की आमच्या गल्लीत पाणी पाऊस पडताना येत नाही, थांबल्यावर येतं. ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. घरात कुणाला याचं कारण सांगता येईना. तिने ते हळूहळू आपणच शोधलं. नदीचा उगम पावागडच्या डोंगरात, वरचं पाणी खाली यायला वेळ लागतो, आणि आजव्याचं धरण भरलं की तिथून सोडलेलं पाणी त्यात येऊन मिळतं. शहरातला पाऊस आणि नदीची उंची यांत किती तासांचं अंतर पडतं, याचा तिने आपल्यापुरता अंदाज बांधला होता. त्या अंदाजावर तिच्या आईने त्या ऑगस्टमध्ये शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकांचे कपडे माळ्यावर चढवले.

हे तुझ्या निबंधात का नाही, मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘हे काय लिहायचं मॅम? हे तर घरचं आहे.’’

त्या वाक्यासाठी मी आज इथे आले आहे. आपल्या मुलांना वाटतं, घरचं ते सांगायचं नसतं. आनंदीबाई जोशी 1883 साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागत होत्या. वय अठरा. त्यांनी कॉलेजला लिहिलेल्या पत्रात आव नाही. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचं आहे, आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले आहे, असा सरळ मजकूर आहे. इंग्रजी परकी भाषा, पण म्हणणं त्यांचं स्वतःचं. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या.

त्या मुलीने निबंध पाच वेळा लिहिला. आधी मराठीत. मी मुलांना हेच सांगते, आधी ज्या भाषेत आईशी भांडता त्या भाषेत लिहा, मग इंग्रजी करा. पहिल्या खर्ड्यात तिने जागतिक हवामानबदल आणला होता, तो आम्ही काढला. शेवटच्या खर्ड्यात ओटा होता, दुधाचा हिशेब होता, आणि माळ्यावर चढवलेलं मशीन. त्याच अर्जात कामांच्या यादीला दहा जागा असतात आणि प्रत्येकीला 150 अक्षरं. तिच्या सहाच भरल्या. त्यांतली एक होती, रोज संध्याकाळी दोन तास आईच्या शिवणकामाचे हिशेब आणि काज-बटणं. घरकाम, दुकानावर बसणं, आजोबांना सांभाळणं, हे सगळं त्या यादीत लिहिता येतं. कृपा करून लिहा.

इंग्लंडचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तिथे यूकॅस या सामाईक अर्जव्यवस्थेतून पाच ठिकाणी अर्ज जातो, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी करता येतो, आणि त्यांना तुमच्या घरापेक्षा तुमच्या विषयात रस असतो. काय वाचलंत, त्यावर काय विचार केलात. मुलाखतीत समोर गणित ठेवतात आणि तुम्ही कसे अडता, कसे सुटता ते पाहतात. तिथे नदीचे आकडे चालतील, शिलाई मशीन फारसं चालणार नाही.

आता शिक्षकांच्या शिफारसपत्रांबद्दल. इथे माझी स्वतःची चूक सांगायची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुलाने माझ्याकडे पत्र मागितलं. तपासायच्या वह्यांचा ढीग होता, मी आधीच्या वर्षीचं पत्र काढलं, नाव बदललं आणि पाठवून दिलं. मेहनती, हुशार, नम्र, वर्गात नेहमी पुढे. त्याला सगळीकडून नकार आले. माझ्या पत्रामुळे आले असं मी म्हणू शकत नाही. पण नंतर ते पत्र मी पुन्हा वाचलं आणि त्यात तो मुलगा कुठेच नव्हता. त्याने एकदा प्रयोगवहीत चुकलेलं वाचन खोडलं नव्हतं, शेजारी लिहिलं होतं, हे चूक आलं आहे, का ते कळत नाही. असा मुलगा वर्गात दहा वर्षांत एकदा येतो. मला ते आठवत होतं आणि मी ते लिहिलं नाही. ही गोष्ट मी विसरलेली नाही.

कोलंबियातले प्राध्यापक सेलिग्मन यांनी आंबेडकरांसाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं होतं. ओळखणाऱ्या माणसाने ओळखून लिहिलेल्या पत्राला वजन असतं. त्यामुळे मुलांनो, सर्वांत जास्त मार्क देणाऱ्या सरांकडे जाऊ नका, ज्यांनी तुम्हाला चुकताना आणि सावरताना पाहिलंय त्यांच्याकडे जा. आणि पत्र तूच लिहून आण, मी सही करतो, असं कुणी म्हणालं तर दुसरे शिक्षक शोधा.

पैशांचं बोलू या. हे बोलताना आपल्याकडे आवाज खाली जातो, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने बोलते. अमेरिकेतल्या मोठ्या खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या वर जातो. दुकान, नोकरी, शिवणकाम यांतून तो निघत नाही, आणि घर विकूनही काढू नये असं माझं मत आहे. मदत मिळते, पण तिचे नियम समजून घ्या. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी थोडी ठिकाणं आहेत, जिथे परदेशी विद्यार्थ्याचा निर्णय करताना त्याला मदत लागते की नाही हे बघत नाहीत, आणि प्रवेश दिला तर जितकी गरज तितकी मदत देतात. बाकी पुष्कळ ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. म्हणून काही पालक म्हणतात, आधी मागू नका, आत शिरल्यावर बघू. असं करू नका. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर परदेशी विद्यार्थ्याला नंतर मागता येत नाही, असा नियम बऱ्याच विद्यापीठांत आहे. पहिल्या वर्षानंतर मुलाला परत बोलवायची वेळ येते. अर्लि डिसिजन हा प्रकारही जपून. त्यात प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे असं वचन तुम्ही देता.

मदतीचा अर्ज बहुधा सीएसएस प्रोफाइल या ऑनलाइन फॉर्मवर भरतात. त्या मुलीच्या वडिलांबरोबर मी दोन संध्याकाळी तो भरला. वाड्यात चार भावांचा हिस्सा, कागद आजोबांच्या नावावर. किंमत काय लिहायची? आम्ही आपल्या वाट्याची अंदाजे किंमत लिहिली आणि घर सामाईक आहे, विकता येत नाही, हे खुलाशाच्या जागी दोन वाक्यांत सांगितलं. दुकानाचं उत्पन्न विवरणपत्रात होतं तेवढंच लिहिलं. तिचे वडील म्हणाले, ‘‘बाई, इतकं कमी लिहायला लाज वाटते हो.’’ मी म्हटलं, काका, यात लाज कसली, हा तुमच्या कष्टाचा आकडा आहे.

शेवटचं, तारखांचं. अमेरिकेची पहिली मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला. ऑक्सफर्ड-केंब्रिजची 15 ऑक्टोबर. आता आपलं कॅलेंडर बघा. 2024 साली नवरात्र 3 ऑक्टोबरला बसलं आणि 1 नोव्हेंबर ऐन दिवाळीत आला. बडोद्यात नवरात्राचे नऊ दिवस कुणाकडून सही मिळत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं! दिवाळीत शाळेला कुलूप. शाळेचा अहवाल, नववीपासूनचे मार्क, अपेक्षित गुण, हे सगळं मुख्याध्यापकांकडून गणपतीतच मागून ठेवा. त्या मुलीची नववीची गुणपत्रिका पुरात भिजून लगदा झाली होती. शाळेतून दुसरी प्रत निघायला पाच आठवडे लागले.

तिने नऊ ठिकाणी अर्ज केले. निकाल अमेरिकेत संध्याकाळी लागतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. आठ पहाटे नकार आला. नवव्या ठिकाणी, पूर्वेकडच्या एका छोट्या कॉलेजात, होकार आला, जवळजवळ पूर्ण मदतीसह. त्याच वर्षी तिच्यापेक्षा जास्त मार्कांचा, तितकाच खरा निबंध लिहिलेला माझा एक विद्यार्थी सगळीकडून नाकारला गेला. तो इथेच आपल्या विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकतोय, मन लावून. तिला का आणि त्याला का नाही, हे मला सांगता येत नाही. सांगता येतं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मघाशी एका आजोबांनी चिठ्ठी पाठवली आहे, मुलं परत येतात का? आंबेडकरांनी दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा करार केला होता आणि 1917 साली ते परत आलेही. पण या शहरात त्यांना राहायला जागा कुणी दिली नाही. पारशी धर्मशाळेतून हाकललं गेलं, आणि कमाटीबागेत एका झाडाखाली बसून ते रडले. त्याच रात्री ते मुंबईला निघून गेले. आजोबा, मुलांना हा प्रश्न विचारण्याआधी आपण तो आपल्याला विचारू या.

ती मुलगी जाताना जुनी कॅलेंडरं माळ्यावर ठेवून गेली. यंदाचे आकडे तिचा धाकटा भाऊ लिहितो. दर रविवारी आई त्या पानाचा फोटो काढून पाठवते, दुधाच्या हिशेबासकट. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, ‘‘मॅम, त्याला सांगा ना, मंगळवारचा आकडा राहिलाय.’’