पोटातला सांगावा

(परभणीकडचं कापसाचं रान. वेचणी चालू. फक्त हात दिसतात.)

बोंड उकललं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात. कापूस ओढताना त्या बोटात शिरतात. या पेराजवळ बघा, लाल झालंय, जरा सुजलंय. परवापर्यंत हे बसेल.

बसतं कसं? टोचलेल्या जागेच्या पेशी सांगावा धाडतात. हा सांगावा म्हणजे अगदी लहान प्रथिनं, शास्त्रात त्यांना सायटोकाइन म्हणतात. सांगावा पोचला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, घाण साफ करतात, नव्या पेशींना वाढायला लावतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. काम उरकलं की सांगावे थांबतात आणि सूज उतरते.

(रुग्णालय. नळीतून बाटलीत उतरणारं पिवळसर पाणी.)

रानातले ते हात या मावशींच्या जावेचे होते. हे हात मावशींचे. मनगटावर गोंदण आहे. चेहरा दाखवू नका, असं त्यांनी आधीच सांगितलं.

“पोट फुगायलंय, दोन घासातच भरायलंय,” एवढंच त्या चार महिने सांगत होत्या. गावात गॅसच्या गोळ्या मिळाल्या. वाताचा काढा झाला. पोटाला हात लावून कुणी तपासलं नाही, सोनोग्राफी तर दूरच. आज छत्रपती संभाजीनगरात त्यांच्या पोटातून पाणी काढतायत. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, जलोदर. कारण अंडाशयाचा कॅन्सर.

ही बाटली नीट बघा. हे नुसतं पाणी नाही.

(फळ्यावर चित्र काढणारी वैद्यकीय विद्यार्थिनी.)

दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो. छोटीशी जखम होते, सांगावे सुटतात, जखम भरते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. १९७१ मध्ये इजिप्तचे डॉक्टर महमूद फथल्ला यांनी मांडलं की या न थांबणाऱ्या फाटण्या-भरण्यातच या कॅन्सरचं मूळ असावं. गरोदरपणात, अंगावर पाजताना, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना अंडाशयाला विसावा मिळतो, आणि या बायकांमध्ये धोका कमी दिसतो. कमी दिसतो, संपत नाही. या मावशींना चार लेकरं आहेत.

पुढे कळलं की या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार बऱ्याचदा अंडाशयात सुरूच होत नाही, बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो. स्त्रीबीज सुटताना जो द्रव सांडतो, तो याच झालरीवर पडतो. म्हणजे दाह, जखमेतली ती लाली-सूज, तिथेही पोचतोच.

आता विद्यार्थिनीने फळ्यावर काढलेला हा बाण. इंटरल्यूकिन-६. १९८६ मध्ये जपानमध्ये तोशिओ हिरानो आणि तादामित्सू किशिमोतो यांनी याचा जनुक वेगळा काढला. हा सांगावा पेशीच्या कवचावरच्या कुलपात बसतो. आतला जॅक नावाचा कारभारी जागा होतो, तो स्टॅट-३ ला उठवतो, आणि स्टॅट-३ थेट पेशीच्या केंद्रात जाऊन हुकूम देतो : वाढ, मरू नकोस. जखमेत हा हुकूम दोन-चार दिवसांचा असतो. कॅन्सरची पेशी मात्र इंटरल्यूकिन-६ स्वतःच बनवते आणि स्वतःच ऐकते. धाडणारी तीच, घेणारीही तीच. त्याच १९८६ साली अमेरिकेचे डॉक्टर हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी कॅन्सरच्या गाठीला न भरणारी जखम म्हटलं होतं. फळ्यावरचं हे चक्र बघितलं की ते पटतं.

(सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून गाळ वेगळा करणारं यंत्र, थांबतं. पोटातल्या पाण्याच्या नळीच्या तळाशी गाळ.)

तळाशी बसलंय ते बघा. कॅन्सरच्या पेशींचे पुंजके, आणि त्यांच्याबरोबर मॅक्रोफेज. मॅक्रोफेज म्हणजे राखणदार पेशी, आल्या होत्या साफ करायला. इथे त्या शत्रूलाच रसद पुरवू लागतात. वरच्या पिवळ्या पाण्यात इंटरल्यूकिन-६ रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं. आतड्यांवर चरबीचा जो पडदा असतो, वपा, तिच्या पेशीही इंटरल्यूकिन-८ सोडून कॅन्सरच्या पेशींना जवळ बोलावतात. म्हणून हा आजार वपेकडे धावतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पोटाच्या क्षयरोगातही पाणी भरतं, आणि या कॅन्सरसाठी करतात ती सीए-१२५ ही रक्ततपासणी तिथेही वाढलेली येते, कारण पोटाच्या आवरणाचा दाह दोन्हीकडे आहे. आपल्या भागात क्षयरोग भरपूर. म्हणून एका आकड्यावर ना टीबीच्या गोळ्या सुरू कराव्यात, ना कॅन्सरचा शिक्का मारावा. पाण्यातल्या पेशी बघाव्या लागतात, तुकडा तपासावा लागतो.

(रक्ततपासणीचा कागद. बोट प्लेटलेटच्या ओळीवर.)

सांगावा यकृतापर्यंतही जातो. यकृत थ्रॉम्बोपोएटिन हा प्लेटलेट बनवायला लावणारा सांगावा वाढवतं आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे कण, चढतात. २०१२ च्या एका अभ्यासात अंडाशयाच्या कॅन्सरच्या ६१९ रुग्णांपैकी ३१ टक्के जणींच्या प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर होत्या. लोह कमी झाल्यानंही त्या वाढतात, आणि आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी आहेत. पण पोट फुगलेलं आणि प्लेटलेटही चढलेल्या, असा कागद कुणी घडी घालून परत देऊ नये.

सांगावाच अडवायचा प्रयत्न झाला. इंटरल्यूकिन-६ ला पकडणारं सिल्टुक्सिमॅब हे औषध या कॅन्सरच्या १८ रुग्णांना दिलं, त्यात एकीचीच गाठ आक्रसली. केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया हाच अजून मुख्य उपचार. बहुतेक जणी येतात तेव्हा आजार पोटभर पसरलेला असतो.

(बीड जिल्ह्यातला ऊसतोडीचा फड. बायका मोळ्या बांधतायत.)

“माझी पिशवी काढलीय, मला कुठला कॅन्सर?” हे फडावर ऐकलेलं वाक्य. गर्भाशय काढलं तरी अंडाशय बऱ्याचदा आतच असतं. काय काढलं, ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड जपून ठेवा, आणि वाचून घ्या.

(पुन्हा पलंग. गोंदणाचा हात.)

बाटली भरली. त्यातलं थोडं पाणी प्रयोगशाळेत जाणार, तारीख लिहून.

“परत भरलं तर?” मावशी विचारतात.

“लगेच यायचं, मावशी. गॅसच्या गोळ्या घेत बसायचं नाही.”

सिस्टर दुसरी बाटली लावतात.