ऐंशी टक्के तिकीट आणि ट्रिलेची गाणी

नमस्कार श्रोतेहो. आज डेन्मार्कची एक गायिका, ट्रिले. पूर्ण नाव ट्रिले बोडिल नीलसन, जन्म १९४५ चा, पण तिकडे सगळे तिला नुसतं ट्रिलेच म्हणायचे. साठच्या दशकात डेन्मार्कमध्ये लोकगीतांची लाट आली होती, एक गिटार, एक गळा, बाकी काही तामझाम नाही, त्या लाटेत ती गायला लागली. तेव्हा बहुतेक गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली असायची. हे लक्षात ठेवा, दुसऱ्यांनी लिहिलेली.

तिच्याकडे येतेच परत, पण आधी बसचा किस्सा. तो ऐकल्याशिवाय ती कुठल्या दिवसांत गात होती ते समजायचं नाही, आणि खरं सांगू, मला तो सांगायला फार आवडतो.

१९७० साल, कोपनहेगन शहर. एप्रिलमध्ये तिथल्या काही बायका भर बाजारपेठेतून मिरवत निघाल्या, विग, खोट्या पापण्या, भलीमोठी नकली छाती असा सगळा थाट करून, आणि टाउन हॉलसमोरच्या चौकात जाऊन तो थाट सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. लोक बघतच राहिले. याच त्या लाल मोजेवाल्या, रेड स्टॉकिंग्ज, म्हणजे डेन्मार्कच्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायका.

आणि पुढच्याच महिन्यात, मे मध्ये, त्यांच्यातल्या काहीजणी बसमध्ये चढल्या. तिकीट काढायची वेळ आली तर म्हणाल्या आम्ही ऐंशी टक्केच देणार. का? तर बायकांना पुरुषांच्या ऐंशी टक्के पगार मिळतो, मग तिकीटही ऐंशी टक्के! पुरुषाला १०० क्रोनर तर बाईला ८०, मग बसभाडं तेवढं सारखं कसं काय? काय बोलणार यावर? (आपल्याकडे कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून जितकी भांडणं होतात तितक्यात पाच-सहा चळवळी उभ्या राहिल्या असत्या असं माझं प्रामाणिक मत आहे, असो.) तुम्हीच डोळ्यासमोर आणा, बस थांबलेली, मागचे लोक घड्याळ बघतायत आणि या आपल्या जागेवरून हलत नाहीत. शेवटी पोलीस आले आणि त्यांना बसमधून बाहेर काढलं. पण झालं काय, तर टक्केवारीचा जो विषय कामगार खात्याच्या फायलीत पडून होता तो रोज बसने जाणाऱ्या प्रत्येकाला कळला. भाषणाने नाही कळला, तिकिटाने कळला. ऐंशी टक्के, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

पुढचं भराभर सांगते. १९७१ पासून फेमो नावाच्या छोट्या बेटावर फक्त बायकांची उन्हाळी शिबिरं सुरू झाली, १९७३ मध्ये बारा आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा हक्क मिळाला, १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा आला.

आणि या सगळ्याच्या मधोमध, १९७५ मध्ये, ट्रिलेचा 'हाय सोस्टर' अल्बम आला. हाय, बहिणी, अशी सरळ हाक. तीस वर्षांची होती ती. आता गाणी तिची स्वतःची होती. मघाशी म्हटलं ना, दुसऱ्यांनी लिहिलेली, तर इथून पुढे तसं नाही. गंमत म्हणजे ती स्त्रीमुक्तीची गायिका म्हणून ओळखली जाते पण घोषणा देणारा आवाज नाही तिचा, शेजारी बसून बोलल्यासारखं गाते, आणि मला विचाराल तर घोषणा दुसऱ्या दिवशी विसरायला होते, हे असं बोलणं मात्र स्वयंपाक करताना आठवतं. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, 'आल्टिड हार याय लेंगसेल' आलं, म्हणजे मला कायम कसली तरी ओढ असते, असं काहीसं. हा अल्बम चळवळीशी काही घेणंदेणं नसलेल्यांनीही ऐकावा. चळवळीतली बाई म्हणजे चोवीस तास रागावलेली, ही जी समजूत आहे ना आपल्याकडे, तिला कंटाळा येत नाही, हुरहुर लागत नाही, असं थोडंच असतं!

ट्रिले २०१६ मध्ये गेली, एकाहत्तर वर्षांची होती.

दोन-अडीच मिनिटं उरलीत, त्यात 'आल्टिड हार याय लेंगसेल' हेच गाणं लावतेय. हल्ली गाणं सुरू झालं की निवेदक त्यावर बडबडत बसतात, मला त्याचा भयंकर राग येतो, म्हणून माझा माईक आत्ताच बंद करायला सांगितलाय. ऐका.